चुंबनांपेक्षा गोळ्या महत्त्वाच्या
प्रेमत्रिकोण आहे म्हणून ॲली काँडीची 'मॅच्ड' ही कादंबरी-त्रयी तेरा-चौदाच्या मुलांना देऊ नये, असं म्हणतात; हे काही पटलं नाही. प्रणय चुंबनांपलीकडे फारसा जात नाही. जड आहे ते वेगळंच: कथेतल्या जगात जोडीदार सरकार ठरवणार, ऐंशीव्या वाढदिवशी माणसाचा शेवटही ठरलेला. आजोबा नायिका कॅसियाला चोरून बंदी घातलेली कविता देतात, तो भाग हळव्या मुलांना लागेल. सरकारने दिलेली हिरवी गोळी शांत करते, लाल गोळी आठवण पुसते. यावर मुलं तासभर वाद घालतील, घालू द्या! दुसरा भाग, 'क्रॉस्ड' (2011), जरा रेंगाळतो. तिसऱ्यात रोगाची साथ आहे, तो मात्र आधी स्वतः चाळा.