गंगेचा करार संपतोय: ढाक्याशी बोलण्याआधी पाटण्याशी कोण बोलणार?

गोदाकाठ (धागाकर्ता)

भारत-बांगलादेश गंगा पाणीवाटप करारावर १२ डिसेंबर १९९६ रोजी देवेगौडा आणि शेख हसीना यांनी सह्या केल्या. मुदत ३० वर्षांची, म्हणजे डिसेंबर २०२६पर्यंत. पुढे न्यायचा तर दोघांच्या संमतीनेच. ज्यांनी तो वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: १ जानेवारी ते ३१ मे या काळात पश्चिम बंगालातल्या फराक्का बॅरेजला (गंगेवरचा बंधारा) येणारं पाणी दहा-दहा दिवसांच्या टप्प्यांत वाटायचं. ७०,००० क्युसेक्सपर्यंत (क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट) असेल तर निम्मं-निम्मं. ७० ते ७५ हजार असेल तर बांगलादेशला ३५,०००, उरलेलं आपलं. त्याच्या वर गेलं की आपले ४०,००० पक्के, बाकी खाली. शिवाय ११ मार्च ते १० मे या ऐन टंचाईत आळीपाळीने दहा-दहा दिवस एकेकाला ३५,०००ची हमी.

माझं म्हणणं, हा करार आहे तसा पुढे ढकलू नये. बांगलादेशला जास्त जातं म्हणून नव्हे. करार फक्त फराक्क्याला जे पोचेल त्याची वाटणी करतो. वर उत्तर प्रदेश-बिहारात कालव्यांनी आणि उपशाने किती उचललं, याचा त्यात हिशेबच नाही. उलट कलम २मध्ये आपण लिहून दिलंय की फराक्क्याचा प्रवाह ४० वर्षांच्या सरासरीइतका राखण्यासाठी वरचा देश सर्व प्रयत्न करील. वचन दिलं दिल्लीने, पाळायचं लखनौ-पाटण्याने. बंगालच्या बाजूने निदान ज्योती बसू तरी त्या वाटाघाटींत होते. बिहारचं कोण होतं?

सडेतोड

मुळात करार हवाच कशाला? सिंधू करार १९६०चा, तीन युद्धं झाली तरी आपण पाळत बसलो. पहलगामनंतर २३ एप्रिल २०२५ला स्थगित केला, आभाळ कोसळलं का? चीनने ब्रह्मपुत्रेवर आपल्याशी पाणीवाटपाचा एक कागद तरी केलाय? २०१७ला डोकलामच्या वेळी तर पुराची आकडेवारीसुद्धा दिली नाही. वरच्याने खालच्याला बांधील राहायचं हा नियम फक्त आपल्यालाच लागू दिसतो. १९८८ ते १९९६ गंगेवर कसलाच करार नव्हता. तेव्हा काय बिघडलं?

हुगळीवासी

@सडेतोड, बिघडलं ते आपल्याकडे नाही, खाली. १९९३च्या मार्चअखेर बांगलादेशात हार्डिंज पुलाशी पद्मेचा (गंगेचं तिथलं नाव) प्रवाह १०,००० क्युसेक्सच्याही खाली गेला होता. पद्मेतून फुटणारी गोराई नदी उन्हाळ्यात तोंडाशीच आटली आणि खुलन्याकडे खारं पाणी आत घुसलं. मग तिथल्या तेव्हाच्या पंतप्रधान खालिदा झिया थेट संयुक्त राष्ट्रांत बोलल्या. "काही बिघडलं नाही" असं कोलकात्यात बसून म्हणता येतं, खुलन्यात नाही. आणि आपण ब्रह्मपुत्रेच्या खालच्या अंगाला आहोत. फराक्क्याला जे बोलाल तेच उद्या बीजिंग तुम्हाला ऐकवेल.

मी नोकरीमुळे बरीच वर्षं इथे आहे, म्हणून बॅरेजबद्दल दोन शब्द. १९७५ला ते सुरू झालं ते शेतीसाठी नव्हे, कोलकाता बंदरासाठी. ३८ किलोमीटरच्या कालव्यातून ४०,००० क्युसेक्स भागीरथीत (हुगळीचा वरचा भाग) सोडायचे, म्हणजे हुगळीतला गाळ वाहून जाईल आणि मोठी जहाजं वर येतील, अशी कल्पना. मोठी जहाजं खाली समुद्राजवळच्या हल्दिया बंदरालाच थांबतात, आणि तिथेही ड्रेजर कायम चालू असतात. गाळ काही हटला नाही. फायदा झाला तो पिण्याच्या पाण्याला: गोडं पाणी खाली ढकललं गेलं की समुद्राचं खारं पाणी वर चढत नाही. मालदा-मुर्शिदाबादला मात्र बॅरेजच्या वर आणि खाली दोन्हीकडे काठ कोसळतात, घरंच्या घरं नदीत जातात. इलिश (हिलसा मासा) पूर्वी पार अलाहाबादपर्यंत चढायची, आता फराक्क्याला अडते. इथल्या बाजारात पद्मेच्या इलिशला वेगळाच भाव असतो आणि विकणारा ते दोनदा सांगतो.

पाटकरी (निवृत्त)

पाटबंधारे खात्यात आयुष्य गेलं म्हणून तांत्रिक मुद्दा मांडतो. राजकारण तुम्ही बघा.

कराराच्या परिशिष्टातले आकडे १९४९ ते १९८८ या ४० वर्षांच्या सरासरीवर बेतलेत. २१ ते ३० एप्रिलचं पाणी ६०,९९२ क्युसेक्स धरलंय. त्यातले ३५,००० बांगलादेशला, २५,९९२ आपल्याला. कागदावर छान दिसतं. पण सरासरी म्हणजे बऱ्याच वर्षी त्याहून कमी! आपल्या कृष्णेचं पाणी वाटताना बच्छावत लवादाने ७५ टक्के विश्वासार्हतेचं पाणी धरलं, म्हणजे चारपैकी तीन वर्षं हमखास मिळेल एवढंच, २,०६० टीएमसी. सरासरीवर वाटलं असतं तर तीन राज्यांनी रोज डोकी फोडली असती. गंगेत तेच झालं. करारानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात, १९९७ला, प्रवाह कागदातल्या आकड्यांच्या बराच खाली गेला आणि ढाक्यात ओरड सुरू झाली.

बरं, कमी आलं तर काय? १९७७च्या मोरारजींच्या वेळच्या करारात बांगलादेशला ठरल्या वाट्याच्या किमान ८० टक्क्यांची हमी होती. १९९६मध्ये ती गेली. आता ५०,०००च्या खाली गेलं तर "तातडीने चर्चा करायची". कोण एप्रिलच्या उन्हात चर्चा करतंय? आवर्तन चुकलं की टेलचा (कालव्याच्या शेवटच्या टोकाचा) शेतकरी चर्चेची वाट बघत नाही, तो गेट उचलायला येतो.

गोदाकाठ

@पाटकरी, हे फार नेमकं सांगितलंत. म्हणूनच म्हणतो, वरचा उपसा मोजल्याशिवाय नवा आकडा कोणत्या तोंडाने लिहिणार?

कलम२५३

धागाकर्त्याशी पूर्ण असहमत. राज्यांना टेबलावर बसवा म्हणजे करार झालाच म्हणून समजा! २०११च्या सप्टेंबरात मनमोहन सिंग ढाक्याला निघाले, तिस्ता नदीच्या पाणीवाटपाचा मसुदा तयार होता, ममतांनी आयत्या वेळी नाही म्हटलं. तो मसुदा अजून पडूनच आहे. जून २०२४मध्ये गंगा कराराच्या नूतनीकरणासाठी तांत्रिक चर्चा जाहीर झाली, लगेच त्यांचं पंतप्रधानांना पत्र: आम्हाला विचारलं नाही. उद्या पाटणा आणि लखनौही तेच करणार. परराष्ट्र करार हा केंद्राचा विषय आहे. कलम २५३नुसार त्यासाठी संसद राज्यांच्या यादीतल्या विषयावरही कायदा करू शकते. घटनाकारांनी हे उगाच लिहिलेलं नाही.

दुसरं, बिहारला पाणी कमी पडतं ही तक्रार आहे कुठे? नितीशकुमारांनी २०१६च्या पुरानंतर मागितलं ते फराक्का हटवा म्हणून, कारण बॅरेजमुळे गंगेत गाळ साचतो आणि पूर वर पसरतो. ही गाळाची तक्रार आहे, पाणीवाटपाची नाही. दोन्ही एका पोत्यात घालू नका.

गोदाकाठ

@कलम२५३, तिस्तेचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. आधी न विचारता मसुदा तयार केला आणि विमानात बसायच्या वेळी विचारलं, म्हणून अडलं. संसद कायदा करील हो, पण बक्सरच्या शेतातला पंप बंद करायला संसद जाणार आहे का? आणि गाळ वेगळा कसा? गाळ पाण्याबरोबरच येतो. करारात त्याचा उल्लेख नाही, म्हणून तर बिहारच्या वाट्याला फक्त गाळ आला.

सडेतोड

म्हणजे शेवटी आपणच आपल्या शेतकऱ्याचे पंप बंद करायचे, ढाक्यासाठी. वा! हसीना होत्या तोवर निदान काही देवाणघेवाण होती. ऑगस्ट २०२४नंतर तेही राहिलं नाही.

हुगळीवासी

ढाक्यासाठी नाही, साहेब. प्रवाह घटला की आधी आमच्याच नळाला खारट पाणी. निम्म्या-निम्म्यात तुटीचा निम्मा भार आपल्यावरही येतो, हे विसरू नका.

आणि सरकार कुठलंही असो, बांगलादेश जून २०२५मध्ये सीमापार नद्यांच्या १९९२च्या आंतरराष्ट्रीय जलकरारात सामील झाला, दक्षिण आशियातला पहिला देश. आपण त्यात नाही. पुढच्या बैठकीत ते ती कलमं घेऊन बसतील. आपण १९४९ ते १९८८चा तक्ता घेऊन बसणार का?

पाटकरी (निवृत्त)

@सडेतोड, पंप बंद करा असं कोणी म्हटलेलं नाही. मोजा म्हणतोय. आजही फराक्क्याला आणि हार्डिंज पुलाला दोन्ही देशांचे अभियंते मिळून मोजमाप घेतात, ती पद्धत चांगली आहे. तशीच मोजणी बक्सरला, पाटण्याला आणि कोसी-गंडकच्या संगमांपाशी करा, आणि आकडे दर दहा दिवसांनी जाहीर करा. मग नव्या परिशिष्टात सरासरीऐवजी ७५ टक्के विश्वासार्हतेचा आकडा टाका आणि कमी आलं तर कोणाचं किती टक्के कापायचं ते आधीच लिहा. वाटा लहान दिसेल, दोन्हीकडचे पुढारी चिडतील. पण एप्रिलमध्ये फराक्क्याच्या गेटवर उभ्या असलेल्या कनिष्ठ अभियंत्याला फोन न करता कळेल, आज किती सोडायचं.