नांदूर मध्यमेश्वर सायकलने: हायवे आणि ट्रॅक्टर टाळून कुठून फिरावं?

निवांत_पेडल (ठाणे):
नमस्कार मंडळी. मी आणि बायको दोघंही पन्नाशीतले, टूरिंग सायकली आहेत (तिची हायब्रिड, माझी जुनी स्टीलची), स्पीडबिड काही नको, थांबत थांबत जायचं, पक्षी बघायचे, चहा प्यायचा, असला कारभार. डिसेंबर-जानेवारीत नांदूर मध्यमेश्वर (निफाडजवळचं पक्षी अभयारण्य) डोक्यात आहे. नाशिकपर्यंत गाडीने येऊन पुढे सायकल. पण मॅपवर बघितलं की सगळे सरळ छत्रपती संभाजीनगर हायवेने निफाड दाखवतात आणि त्या रस्त्यावर बायको सायकल चालवणार नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नको. प्रश्न तीन. एक, नाशिकहून हायवे न घेता जाता येतं का. दोन, तलावाला पूर्ण चक्कर मारता येते का, म्हणजे रिंग रोडसारखं काही आहे का. तीन, कालव्याच्या कडेचे रस्ते सायकलला चालतात का. ज्यांनी केलंय त्यांनीच सांगा, मॅप बघून मीही सांगू शकतो 🙂

गोदाकाठचा_गडी:
दादा आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो. रिंग रोड नाही, आणि नाही तेच बरंय. तो तसा तलावच नाही. गोदावरी आणि कादवा जिथं मिळतात तिथं इंग्रजांनी १९०७ ते १९११ मध्ये बंधारा बांधला, पाणी अडवून पाटाला द्यायचं म्हणून. नंतर शंभर वर्षं नदीनं गाळ आणून ओतला, त्याची बेटं झाली, पाणी उथळ झालं, पाणवनस्पती माजल्या आणि पक्ष्यांची सोय झाली. इंजिनियर लोकांच्या हिशोबानं धरण गाळानं भरलं, पक्ष्यांच्या हिशोबानं तयार झालं. १९८६ला अभयारण्य झालं, जानेवारी २०२०ला रामसर यादीत (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांची यादी) आल्याचं जाहीर झालं, त्या यादीतली महाराष्ट्राची पहिलीच जागा. तर काठ असा सरळ नाहीच, कुठं चिखल, कुठं ऊस थेट पाण्यापर्यंत, कुठं द्राक्षाच्या बागा. गावागावातून जोडत जोडत जायचं, अधनंमधनं पाणी दिसतं, मग परत ऊस.

आता खरी अडचण सांगतो जी मॅपवर दिसत नाही. पक्ष्यांचा सीझन नोव्हेंबर ते फेब्रुवारी-मार्च. ऊसतोडीचा सीझनपण तोच. म्हणजे तुम्ही येणार तेव्हाच आमच्याकडं डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर, त्यावर टेप फुल आवाजात, ड्रायव्हरला मागचा काही आवाज येत नाही, आणि जानेवारी उजाडला की द्राक्षाच्या पिकप गाड्या सुरू. त्यात लाल कांदा लासलगाव-पिंपळगावकडं निघतो सकाळी सकाळी. त्यामुळं "गर्दी नसलेला रस्ता" असा आमच्याकडं नसतो, गर्दी नसलेली वेळ असते. रविवार धरा. बाजार समितीचे लिलाव बंद, कांद्याच्या गाड्या नाहीत. उसाच्या चालू राहतात पण निम्मा त्रास कमी.

पेडलवाली_नाशिक:
गडी भाऊंनी मुद्द्याचं सांगितलं पण एक जोडते, रविवारी कांदा नसतो तर पुण्या-मुंबईच्या कार असतात 😀 सगळ्या चापडगावच्या गेटला, कारण मनोरे, पक्षी निरीक्षणाची सोय, गाईड सगळं तिथं. तरी कारवाले साधारण साडेआठ-नऊनंतर उगवतात, त्याच्या आत तुम्ही तिथून निघालेले असलात की झालं.

काका, पहिल्या प्रश्नाचं उत्तर, हो जाता येतं. आमचा ग्रुप असा जातो: नाशिकरोडहून शिंदे, तेवढा तुकडा पुणे हायवेचा आहे, तो चुकवता येत नाही, पण रुंद आहे आणि भल्या पहाटे ठीक असतो. शिंद्याहून डावीकडे नायगावचा रस्ता धरायचा आणि तिथून खेळच बदलतो, डांबरी गावरस्ता, दोन्ही बाजूला शेतं, अधूनमधून दूधवाला नाहीतर शाळेची पोरं. नायगावहून सायखेडा. सायखेड्याच्या पुलावर थांबा जरा, पावसाळ्यात बातम्यांत "चांदोरी-सायखेड्याला पुराचा वेढा" वाचतो ना, तेच हे, पलीकडच्या काठाला चांदोरी. पाणी फार उतरलं तर चांदोरीच्या पात्रातली जुनी दगडी मंदिरं वर येतात, एरवी बंधाऱ्याच्या फुगवट्यात बुडालेली असतात. पण पूल ओलांडायचा नाही, पलीकडे गेलात की परत हायवे गळ्यात पडतो. अलीकडूनच भेंडाळी, म्हाळसाकोरे, मांजरगाव असं करत चापडगाव. पुढं नांदूर मध्यमेश्वर, बंधारा, खाणगाव थडी आणि मग निफाड. सगळं मिळून ६०-७० किमी पकडा, चढ जवळजवळ नाहीच. गावात फाटे खूप आहेत त्यामुळं ट्रॅक डाऊनलोड केलेला असला तरी पारावर विचारत जा, मॅप कधीकधी शेताच्या बांधावरून नेतो.

खायचं म्हणाल तर सायखेड्यात काहीतरी मिळतंच, भेळभत्ता बांधून घ्या, पुढं चापडगावपर्यंत भरवशाचं हॉटेल पकडू नका. पाणी दोन-दोन बाटल्या.

ट्यूब_पाहिजे_का:
तिसरा प्रश्न माझा, पाटाचे रस्ते. बंधाऱ्यापासून दोन जुने कालवे निघतात, डावा आणि उजवा, गोदावरी कालवे म्हणतात ते, कोपरगाव-राहाता पट्टा त्यांच्यावरच भिजतो. शिवाय नंतर झालेला जलदगती कालवा, तो वैजापूर-गंगापूरकडं जातो. कडेनं पाटबंधारे खात्याचा मुरमाचा रस्ता असतो, काही ठिकाणी मस्त कडक, काही ठिकाणी ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या, काही ठिकाणी शेतकऱ्यानं चारी काढलेली त्यामुळं उतरून सायकल उचलायची. शांतता विचाराल तर याच्याइतकी कुठंच नाही, खंड्या, वेडे राघू, एखादा मोर, माणूस दिसला तर मोटर चालू करायला आलेला शेतकरी. बंधाऱ्यापासून पाटाच्या कडेनं जमेल तेवढं जायचं आणि त्याच वाटेनं परत यायचं, लूप करायच्या नादाला लागू नका.

पण काटे!! वेडी बाभूळ पाटाच्या दोन्ही अंगाला आणि फांद्या छाटून रस्त्यावरच टाकतात. २८ मिमीचे टायर घेऊन गेलात तर दर किलोमीटरला पंपच मारत बसाल. ३५ च्या वर टायर, आत लायनर (काटा अडवणारी पट्टी) किंवा सीलंट (भोक बुजवणारं द्रव), दोन ट्यूबा जास्तीच्या, आणि काटा काढायला चिमटा (हे कोणी सांगत नाही, नखानं बाभळीचा काटा निघत नाही टायरमधून, आत मोडून राहतो मग नवीन ट्यूबपण जाते). गावातल्या पंक्चरवाल्याकडं तुमच्या बारीक व्हॉल्व्हला चालणारा पंप नसतो, ॲडॉप्टर खिशात ठेवा.

आणि पावसाळ्यात पाटाचा रस्ता विसरा, काळी माती मडगार्डमध्ये भरली की चाक फिरतच नाही.

निवांत_पेडल (ठाणे):
अरे वा, एवढं येईल वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. आता दोन उपप्रश्न. पहाटे निघा म्हणताय पण बिबट्याचं काय? निफाड तालुक्याच्या बातम्या वाचतो तेव्हा ऊस आणि बिबट्या हे जोडीनेच येतात. बायकोने हा प्रश्न विचारलाय, मी मोठ्या आवाजात नाही विचारत 😅 दुसरं, निफाडहून नाशिकरोडला रेल्वेने सायकल आणता येते का, म्हणजे परतीचे तेवढेच किमी वाचतील.

गोदाकाठचा_गडी:
वहिनींचा प्रश्न बरोबर आहे, हसण्यावारी नेऊ नका. बिबट्या आहे. ऊस हेच त्याचं घर झालंय, पिल्लं उसातच होतात, तोड सुरू झाली की बाहेर पडतात, म्हणजे पुन्हा तुमच्याच सीझनला. आमच्याकडं शेतकरी रात्रीची लाईट असली तरी एकटा पाणी भरायला जात नाही. त्यामुळं "पहाटे" म्हणजे अंधारात नाही, उजाडल्यावर. तसंही डिसेंबर-जानेवारीत अंधारात निघून काही फायदा नाही, निफाडची थंडी पेपरात वाचता ना, राज्यातलं सगळ्यात कमी तापमान म्हणून कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा येतो, कधीकधी पाच डिग्रीच्या खाली. हातमोज्याशिवाय ब्रेक दाबता येत नाही. आणि धुकं. पाण्याजवळ आणि उसाच्या मधल्या रस्त्यावर धुकं असं बसतं की ट्रॉली दहा फुटावर आल्यावर दिसते, आणि ट्रॉलीला मागं लाईट असेलच असं नाही. म्हणून शिंद्यापर्यंतचा हायवे उजाडताना उरका, पुढं लाईट लावून, दोघं जवळजवळ, बोलत बोलत चला. उसाच्या कडेला उकिडवं बसू नका एवढंच, मुक्कामाच्या ठिकाणी उरकून निघा.

मी तर म्हणतो एका दिवसात करूच नका. आदल्या दिवशी निवांत येऊन चापडगाव नाहीतर खाणगाव थडीच्या बाजूला राहायचं बघा, फोन करून खात्री करून घ्या, आणि सकाळी पायी पक्षी बघा. सायकल गेटवर लावा. सायकलवरून पक्षी बघणं म्हणजे दोन्ही कामं अर्धी.

अजून एक, निघायच्या आधी पाण्याची चौकशी करा. वरून दारणा-गंगापूर धरणांचं आवर्तन (पाटासाठी ठरवून सोडतात ते पाणी) सुटलं की इथली पातळी वाढते, उथळ चिखल बुडतो आणि चमचे, शराटी, करकोचे हे पक्षी दुसरीकडं सरकतात. बदकांना फरक पडत नाही, चक्रवाक, थापट्या तुम्हाला दिसणारच, आणि वारकरी (काळे पाणपक्षी) पण. क्रौंच बघायचे असतील तर ते पाण्यात कमी आणि रानात जास्त, सकाळी हरभऱ्याच्या वावरात उतरतात, रस्त्यावरूनच दिसतात. तिथं मात्र सायकलवाल्याला फायदा, गाडी थांबली की उडतात, सायकल हळू गेली तर बघून न बघितल्यासारखं करतात.

पेडलवाली_नाशिक:
रेल्वेचं: निफाडला मोजक्याच गाड्या थांबतात, सायकल न्यायची तर लगेज बुकिंग करावं लागतं आणि छोट्या स्टेशनवर ते होईलच याचा भरवसा नाही. फोल्डिंग असती तर बॅग म्हणून चालून गेली असती. तुमच्यासाठी सोपं म्हणजे ठाण्याची गाडी नाशिकरोडला न ठेवता सायखेड्यात ठेवा, कोणाच्या तरी वाड्यात विचारून. तिथून चापडगाव जाऊन बंधाऱ्यापर्यंत आणि त्याच रस्त्याने परत, म्हणजे हायवे शून्य. वहिनी खूश. मला स्वतःला तर पूर्ण रूटमधला तेवढाच तुकडा परत परत करावासा वाटतो.

भिगवणकर_नाही_पण:
कोणी उजनी धरणाचं नाव काढलं नाही म्हणून लिहितो. शांत रस्ता आणि रोहित पक्षी हवे असतील तर भिगवण, कुंभारगाव, डिकसळ पण बघा. पाणी प्रचंड मोठं आहे, रोहित फेब्रुवारी-मार्चमध्ये चांगले दिसतात.

ट्यूब_पाहिजे_का:
भिगवण झकास आहे पण तिकडची मजा होडीत आहे, सायकलला सोलापूर हायवेवरून आत वळायचं आणि परत बाहेर यायचं, आणि ऊस तिकडं काय कमी आहे होय? पुण्याहून येणाऱ्यानं तिकडं जावं, ठाणेकरांनी नांदूरच. शिवाय हे दोघं पन्नाशीचे, एकदम सपाट आणि छोटं छोटं अंतर पाहिजे तर गोदाकाठच.

निवांत_पेडल (ठाणे):
ठरलं, सायखेडा बेस. जानेवारीतला एखादा रविवार, शनिवारी दुपारी पोचू, मुक्काम चापडगावच्या बाजूला, परतताना जमलं तर पाटाच्या कडेनं थोडं. टायर आत्ताच ऑर्डर केले ४० चे, तिच्या फ्रेममध्ये बसतील का ते बघतोय, मडगार्ड काढावं लागेल बहुतेक. गडी भाऊ, आवर्तन सुटलंय का हे कुठं कळतं, का सरळ कोणाला तरी फोन करायचा?

गोदाकाठचा_गडी:
नाशिकच्या पेपरात येतं, नाहीतर अभयारण्याच्या गाईड पोरांना विचारा, त्यांना पाण्याची इंचाइंचाची खबर असते, त्यांचं पोटच त्यावर आहे. गाईड घ्याच, दुर्बिणी पण असतात त्यांच्याकडं. आणि मडगार्ड काढू नका, पाटावर दव पडलेलं असतं, पाठीला चिखलाचा पट्टा घेऊन ठाण्याला जाल.