दिवाळीच्या आवाहनात एकच गोष्ट सांगूया

नमस्कार मंडळी,

सध्या ठाण्यात, नौपाड्यात माहेरी आले आहे. वस्तीतल्या मुलांच्या शिक्षणासाठी परदेशातलं आपलं मंडळ दिवाळीला देणगीचं जे आवाहन काढणार आहे, त्याचा मसुदा वाचला. वस्त्या किती, मुलं किती, वह्या किती, सगळं आहे. पण एकही मूल डोळ्यांसमोर उभं राहत नाही.

परवा इथल्या एका अभ्यासवर्गात बसले होते. तिथली एक मुलगी आईबरोबर सिग्नलला गजरे विकते. बारा रुपयांचे सात गजरे, शंभराची नोट, परत किती? "सोळा." प्रश्न संपायच्या आत उत्तर. तोच गुणाकार वहीत मांडायला दिला, तर हातचा घ्यायचा राहिला. आपले पैसे नेमके इथे लागतात: तिला तोंडी येतं ते कागदावर उतरवून घेणाऱ्या शिक्षिकेच्या मानधनाला. हे वाचल्यावर माणूस विचारतो, मग पुढे?

ताई (सांस्कृतिक समिती)

---

ताई,

गोष्ट मनाला भिडली. पण एका मुलीवरून सगळ्या कामाचा अंदाज कसा यावा? सभासद आकडे विचारतात आणि त्यांनी विचारायलाच हवेत. गोष्ट आणि आकडे शेजारी-शेजारी देऊ. मुलीचा फोटो आणि शाळेचं नावही टाकू, म्हणजे विश्वास बसेल.

काका (खजिनदार)

---

काका,

शेजारी-शेजारी नको. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेन्स्टाइन आणि पॉल स्लोविक यांनी २००७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांच्या हाती पाच-पाच डॉलर दिले आणि त्यातले हवे तेवढे दान करा म्हणून सांगितलं. मालीतल्या सात वर्षांच्या रोकियाची गोष्ट वाचलेल्यांनी सरासरी २.३८ डॉलर दिले, फक्त दुष्काळाचे आकडे वाचलेल्यांनी १.१४. दोन्ही एकत्र वाचलेल्यांनी? १.४३. आकडे पाहिले की हात आखडतो. म्हणून आवाहनात गोष्ट ठेवू आणि पै-पैचा हिशेब वार्षिक अहवालात देऊ. तो कोणीही मागावा, लगेच मिळावा.

फोटो मात्र अजिबात नाही. बाल न्याय कायदा, २०१५, कलम ७४: काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचं नाव, पत्ता, शाळा, ओळख पटेल असं काहीही छापता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कायदा नसता तरी मी नकोच म्हटलं असतं. उद्या ती नोकरीला लागेल. तेव्हा कोणी तिचं नाव शोधलं तर आपलं पत्रक सापडायला नको.

मला सगळ्यात पटतो तो इथला वंचितांचा रंगमंच. रत्नाकर मतकरी आणि समता विचार प्रसारक संस्थेनं तो उभा केला. वस्तीतली तरुण मुलंमुली आपल्याच जगण्यातले विषय घेऊन नाटिका लिहितात आणि स्वतः करतात. तिथे कोणी दया मागत नाही, प्रेक्षक ताठ बसून ऐकतो. पुढच्या गणपतीत अठरा पूर्ण झालेल्या अशा तरुणांनाच आपल्याशी ऑनलाइन बोलू द्या. आपण त्यांच्या वतीनं बोलणं कमी करू.

एक काम तुमच्याकडे. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांची देणगी, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलं तरी, परकीय देणगीच धरली जाते. आपण ज्या संस्थेला पैसे देतो, तिची एफसीआरए नोंदणी (परकीय देणगी घ्यायला लागणारी सरकारी नोंदणी) चालू आहे ना, ते आवाहन निघायच्या आधी पाहून घ्या.

नवा मसुदा मी लिहिते. आधी त्या मुलीला आणि तिच्या आईला वाचून दाखवेन. त्यांनी जे खोडायला सांगितलं ते खोडून, मगच तुमच्याकडे पाठवेन.

ताई