मदत हवी आहे: आरसी (रिमोटवर चालणाऱ्या) गाडीचा स्क्रू निघत नाहीये, अर्जंट

जळगावचा_मामा
स्क्रूचं डोकं आतून पार गोल झालंय, पाना नुसता गरागरा फिरतो. डब्ल्यूडी ४० मारलं, रबर बँड मधे धरून फिरवून पाहिलं, काही उपयोग नाही. शनिवारी भाचे येताहेत आणि गाडी टेबलावर उघडी पडलीय. कोणी केलं असेल तर लवकर सांगा.

पाना_पक्कड
कुठला स्क्रू? प्लस, ॲलन (षटकोनी भोक) का टॉर्क्स (चांदणीसारखं भोक)? प्लास्टिकमध्ये बसलाय की धातूत? फोटो टाका.

चिनीमाती
गाडी केवढ्याला घेतली?

टामिया_वेडा
प्लस असेल तर चूक तुमची नाही, पेचकसाची आहे. जपानी किटमध्ये जेआयएस (जपानी मानकाचे) स्क्रू येतात, बऱ्याचदा डोक्यावर बारीक ठिपका असतो. त्यात आपला नेहमीचा फिलिप्स पूर्ण बसत नाही, जोर दिला की वर उसळतो आणि खाच खातो. जेआयएसचा पेचकस एकदा घ्या, आयुष्यभर दुवा द्याल.

जळगावचा_मामा
प्लस नाही हो, ॲलन. मोटर चेसिसला धरतात त्या दोनपैकी एक. दुसरा निघाला.

पाना_पक्कड
म्हणजे एम ३ (३ एमएम जाडीचा), गोल टोपीचा असेल तर २ एमएमचा पाना. तुमच्या पान्याचं टोक सरळ आहे की गोळीसारखं?

जळगावचा_मामा
गोळीसारखं. तिरका धरूनही फिरतो म्हणून तोच घेतला होता. बरं पडतं.

पाना_पक्कड
तिथेच घोळ झाला. बॉल टोकाचा पाना सैल झालेला स्क्रू भराभर काढायला. जाम स्क्रूला पहिला झटका नेहमी सरळ टोकानेच द्यायचा, बॉल फक्त कोपऱ्यांना टेकतो आणि तेच घासून टाकतो. आता टी ८ टॉर्क्सचा बिट घ्या, त्या गोल भोकात हातोडीने हलके ठोकून बसवा आणि दाबून फिरवा. पण ठोकताना स्क्रूखाली आधार हवा, नाहीतर मोटरचं बेअरिंग बोंबलेल.

ड्रिलवाला_धुळे
एवढं कशाला. ३ एमएमचं ड्रिल लावा, डोकं उडवा. डोकं गेलं की ताण गेला, मोटर निघून येते, उरलेला दांडा पकडीने फिरवा. मी दोन मिनिटांत काढतो.

पाना_पक्कड
आणि लोखंडाचा चुरा मोटरच्या मॅग्नेटला चिकटून आत गेला की? आधी मोटरच्या जाळीला टेप लावा, मग ड्रिलचं बोला.

ड्रिलवाला_धुळे
टेप लावतोच. मला शिकवू नका.

भुसावळ_शेड
भो, भांडू नका. तीस वरीस फिटर व्हतू मी. मामा, एक सांग, त्या स्क्रूले काही लावेल शे का? मोटरना स्क्रू उगाच इतका धरत नाही.

जळगावचा_मामा
हो, मागच्या महिन्यात मीच थ्रेडलॉकर (आटे धरून ठेवणारा गोंद) लावला होता. सारखा सैल व्हायचा म्हणून. बाईकच्या स्पेअरवाल्याने लाल बाटली दिली.

भुसावळ_शेड
अरे देवा. हाई आधी सांगाले पाहिजे व्हतं ना! लाल म्हंजे कायमचा. निळा हातपान्यानी निंघस, लाल गरम केल्याशिवाय नाही.

पाना_पक्कड
बरोबर. लाल साधारण २५० अंशाला ढिला पडतो. सोल्डरिंगचं टोक थेट स्क्रूच्या डोक्यावर धरा. २५ वॅटने होणार नाही, अॅल्युमिनियमची पट्टी सगळी उष्णता ओढून घेते. ६० वॅटचं घ्या, अर्धा-पाऊण मिनिट धरा, गरम असतानाच टी ८ फिरवा. आणि हो, आधी बॅटरी बाहेर काढा. लिपो बॅटरी जवळ ठेवून सोल्डरिंग करणारे मी पाहिलेत.

ड्रिलवाला_धुळे
मोटर तापवली की मॅग्नेट मरतात.

पाना_पक्कड
आख्खी मोटर भाजली तर. स्क्रूवर पाऊण मिनिटाने काही मरत नाही. गॅस टॉर्च मात्र नको.

चिनीमाती
मे महिन्यात जळगावच्या गच्चीवर ठेवा, आपोआप सुटेल.

भुसावळ_शेड
हा हा. तिठे वांगं भाजी जाई, स्क्रू नाही.

जळगावचा_मामा
निघाला! सोल्डरिंग शेजारच्या मोबाईलवाल्याकडून आणलं. पहिल्यांदा टी ८ बसला पण हलेना, परत तापवलं, मग कट्ट आवाज आला. मला वाटलं बिट तुटला. सुटला होता. नवीन स्क्रू सोबतच आणलेत.

पाना_पक्कड
छान. आता निळा, आणि एकच थेंब आट्यांवर. प्लास्टिकमध्ये जाणाऱ्या स्क्रूंना अजिबात लावू नका, काही प्लास्टिक त्याने तडकतं.

टामिया_वेडा
आणि प्लस स्क्रू असतील तिथे जेआयएस घ्या.

चिनीमाती
केवढ्याला घेतली ते नाही सांगितलंत.