बाहेरचं संशोधन: करार करावा की कंपनीच घ्यावी?

प्रश्न: जळगाव एमआयडीसीत ठिबकचं उत्पादन आहे. केळीसाठी ओलावा मोजणारा सेन्सर बाहेरून हवाय. स्टार्टअपशी करार करावा की ती विकतच घ्यावी?

उत्तर १: सेन्सर शेतात सिद्ध झालेला नसेल तर करारच. पैसे टप्प्याने द्या: नमुना, केळीचा एक पूर्ण हंगाम, मग उत्पादन. पेटंट मात्र संयुक्त नावावर नको. पेटंट कायद्याच्या कलम ५० प्रमाणे, वेगळा करार नसेल तर, सहमालकाच्या संमतीशिवाय दुसऱ्याला परवाना देता येत नाही. तिथेच सगळं अडतं.

उत्तर २: सेन्सर मालाचा गाभा ठरणार असेल तर खरेदी. पण ज्ञान माणसांच्या डोक्यात असतं, म्हणून काही रक्कम त्यांच्या दोन-तीन वर्षं थांबण्याशी बांधा.

उत्तर ३: मधला रस्ता आपल्याच गावात आहे. जळगावच्या जैन इरिगेशनने इस्रायलच्या नानदान या सिंचन कंपनीचा निम्मा हिस्सा २००७ मध्ये घेतला, उरलेला २०१२ मध्ये. उरलेल्या हिश्श्याच्या किमतीचं सूत्र आजच लिहून घ्या. सेन्सर चालला की भाव चढतो.