बॉक्सरच्या गळ्यात कास्तकाराचं नाव बांधणं थांबवा

वावरातला वाचक (दारव्हा)

पोळा जवळ आला की आमच्या वाचनालयाच्या गटात कोणीतरी ऑरवेलचं 'ॲनिमल फार्म' बाहेर काढतो आणि चर्चा ठरल्या ठिकाणी येऊन बसते. बॉक्सर घोडा म्हणजे आपला कास्तकार. जन्मभर राबला, शेवटी कसायाच्या गाडीत गेला. सगळे हळहळतात, चहा येतो, विषय संपतो. मला हे प्रतीकच मान्य नाही.

न वाचलेल्यांसाठी थोडक्यात: इंग्लंडमधल्या एका शेतावरची जनावरं मालकाला हाकलून लावतात. कारभार डुकरांच्या हाती जातो आणि ती बघता बघता मालकाच्या वरताण होतात. १९४५ साली आलेलं पुस्तक, रोख स्टॅलिनच्या रशियावर. यातला बॉक्सर अंगानं दांडगा, पण मुळाक्षरं चारच्या पुढे गेली नाहीत, आणि नेपोलियन डुक्कर म्हणेल ते ब्रह्मवाक्य. नेपोलियनची कुत्री अंगावर धावून आली तेव्हा त्यानं एकाला खुराखाली दाबून धरलं, आणि चिरडू की सोडू हे कळावं म्हणून नेपोलियनच्याच तोंडाकडे पाहिलं. सगळ्या पुस्तकात मला हीच जागा भयंकर वाटते.

आता सांगा, आपला कास्तकार कोणाच्या तोंडाकडे पाहतो? कापसाची गाडी फाटकात शिरायच्या आधीच त्याला ठाऊक असतं, 'ओलावा जास्त आहे' म्हणतील आणि भाव पाडतील. पुढाऱ्याचं भाषण चालू असतानाच तो शेजाऱ्याला कोपर मारतो. भाबडेपणा त्याच्यावर आपण लादतो, कारण भाबड्याची कीव करणं सोयीचं असतं.

गावात खरा भरणा आहे तो बेंजामिन गाढवाचा. त्याला डुकरांइतकंच चांगलं वाचता येतं, पण तो वाचून दाखवत नाही. बॉक्सरला दवाखान्यात नेतो म्हणून आलेल्या गाडीवर 'घोडे कापणारा' असं लिहिलेलं तो ओरडून सांगतो खरा, पण तोवर बॉक्सर आत कोंडलेला असतो. शिकलेले, फॉर्म भरता येणारे, सगळं कळणारे आणि गप्प बसणारे, म्हणजे आपण वाचनालयवाले. आपली पाटी कोरी राहावी म्हणून आपण बॉक्सरसाठी रडतो.

पराटी बारमाही (राळेगाव)

भाऊ, गाढवाले गुन्हेगार ठरवनं सोपं हाय. बोलाची किंमत किती पडते ते बी मांडा ना. फाटकात वाद घातला तं व्यापारी म्हन्ते, घेऊन जा वापस. वापस नेली तं भाडं दुप्पट. वेचनीवाल्या बायाईचे पैसे थांबत नाई, दुकानदाराची उधारी थांबत नाई. बेंजामिनले कोनाचं भाडं द्या लागत नोतं. गप्प रायनं हा हिशेब हाय, भेकडपना नोहे.

इतिहासाचा तास (अमरावती)

दोघांचंही चुकतंय, कारण दोघंही शेतकरी चुकीच्या गोठ्यात शोधताय. बॉक्सर म्हणजे कामगार. १९३५ मध्ये स्ताखानोव नावाच्या खाणकामगाराचा गाजावाजा करून सोव्हिएत सरकारनं 'जास्त राबा'ची लाट उठवली, तो हा घोडा. जनावरं राबराबून उभारतात ती पवनचक्की म्हणजे मोठमोठ्या सरकारी योजना. शेतकरी आहेत त्या कोंबड्या!

आठवा तो प्रसंग. आठवड्याला चारशे अंडी बाहेर विकायचा करार डुकरं परस्पर करतात. कोंबड्या छपराच्या आढ्यावर चढून तिथून अंडी घालतात, ती खाली पडून फुटतात. नेपोलियन त्यांचं दाणापाणी तोडतो. पाच दिवसांनी त्या शरण येतात, तोवर नऊ मेलेल्या. रशियात सामूहिक शेतीची सक्ती झाली तेव्हा कित्येक शेतकऱ्यांनी सरकारजमा करण्यापेक्षा आपली ढोरं कापून टाकली, त्याचं हे रूप. अख्ख्या गोष्टीत डुकरांविरुद्ध ठरवून उठाव करणाऱ्या त्याच. आणि आपल्याला त्या आठवतही नाहीत, कारण कोंबडीवर कविता होत नाही.

मास्तरीणबाई (देवळी)

सर, कोंबड्या काढल्यात ते फार बरं केलं, पण गोष्ट अर्ध्यावर सोडलीत. त्या नऊ कोंबड्या मेल्या त्याचं कारण काय जाहीर केलं? रोग. कोंबड्यांना होणाऱ्या एका आजाराचं नाव लावलं आणि पुरून टाकल्या. उपासमार कागदावर आलीच नाही.

आता आपल्याकडे या. कास्तकारानं फाशी घेतली की फाइल निघते. जमीन नावावर होती का, कर्ज कोणाचं होतं, थकलं होतं का, वसुलीचा तगादा होता का. मग समिती बसते आणि मेलेला माणूस 'पात्र' किंवा 'अपात्र' ठरतो. पात्र ठरला तर घरच्यांना १ लाख, त्यातलेही ३० हजार हातात आणि ७० हजार बँकेत ठेव. सावकाराचं कर्ज असेल तर सिद्ध कसं करणार? सातबारा सासऱ्याच्या नावावर असेल तर? माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील अपात्र आहेत. ती हा शब्द इतक्या सहज उच्चारते की ऐकणाऱ्यानं मान खाली घालावी. काल्पनिक दुष्ट राज्य म्हटलं की आपल्याला टेहळणीचे कॅमेरे आणि बूट आठवतात. मला तहसीलमधला टॅग लावलेला गठ्ठा आठवतो. तिथं कोणी खलनायक नसतो, बाबूही बिचारा सौजन्यानं बोलतो.

आणि जाता जाता, क्लोव्हर घोडीचं नाव या धाग्यात अजून कोणी घेतलेलं नाही. काहीतरी बिघडलंय हे तिला कळतं, भिंतीवर लिहिलेले जनावरांचे नियम डुकरांनी गुपचूप बदलल्याचा संशयही येतो, पण वाचता येत नाही म्हणून दर वेळी दुसऱ्याला विचारावं लागतं. फाइलीमागे चकरा मारणाऱ्या बायका मला तिच्यात दिसतात.

खाणीकाठचा (वणी)

सगळं पटतं, पण पोरांना हेच वाचायला देणार का? त्यांच्या घरात हे रोजच आहे. त्यापेक्षा टोल्किनची अंगठीची गोष्ट, 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज', द्या. पळवाट म्हणून नाक मुरडू नका. जगावर सत्ता देणारी अंगठी नष्ट करायला निघालेला नायक फ्रोडो शेवटी ती ज्वालामुखीत टाकतच नाही, माझी म्हणतो. म्हणजे सत्तेपुढे भला माणूसही हरतो हे तिथंही आहे. पण पुढचा भाग सिनेमात घेतला नाही, तो वाचा: फ्रोडो आणि त्याचे सोबती असे चौघं घरी परततात तर गावाची वाट लागलेली, झाडं तोडलेली, धुराडी उभी, नदी घाण. गावकऱ्यांना गोळा करून ते गुंडांना हाकलतात, आणि सॅम माळी पेटीतली माती कण कण वाटून झाडं लावत फिरतो. आमच्या इथं कोळशाच्या ढिगाऱ्यापलीकडे सूर्य मावळतो. आमच्या पोरांना सॅम लगेच कळतो. गाढव कळायला पन्नाशी लागते.

झडतीवाला (आर्वी)

ऑरवेलला ही गोष्ट सुचली कशी ते त्यानं १९४७ च्या युक्रेनियन आवृत्तीच्या प्रस्तावनेत सांगितलंय. दहाएक वर्षांचं पोरगं भल्यामोठ्या घोड्याला चाबकानं हाकत चाललेलं त्यानं पाहिलं, आणि वाटलं, या जनावरांना आपली ताकद कळली तर?

आपल्याकडे बैलाच्या शेजारी उभं राहून माणूसच बोलतो. आदल्या दिवशी पळसाच्या पानानं लोणी-हळद लावून खांद शेकायची, जेवायचं आवतण द्यायचं, आणि पोळ्याला तोरणाखाली झडत्या, म्हणजे मोठ्यानं म्हणायची टोमण्यांची गाणी. सावकार, पुढारी, कोणाला सोडत नाहीत, आणि शेवटी 'एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव'. तेव्हा सगळे गप्प बसतात हे वाचकभाऊंचं म्हणणं खोटं.

वावरातला वाचक (दारव्हा)

झडतीवाले भाऊ, झडतीत ज्याची उतरवली तोच पुढारी तासाभरानं उत्तम बैलजोडीचं बक्षीस वाटतो, आणि आपण टाळ्या वाजवतो. वर्षातून एक दिवस बोलायची मुभा राज्यकर्त्याला परवडते.

पराटीभाऊ, तुमच्या भाड्याचा हिशेब मान्य. पण माझा रोख तुमच्यावर नव्हताच. गारपीट झाली की ७२ तासांच्या आत विम्याला कळवावं लागायचं, हे गावात कोणाला आधी कळायचं? माझ्यासारख्या पगारवाल्याला. मी किती धुऱ्यांवर जाऊन सांगितलं? बेंजामिननं क्रांती करायची नव्हती. भिंतीवरचं रोज मोठ्यानं वाचायचं होतं, बस.

पराटी बारमाही (राळेगाव)

हे बोलले ते बराबर. पन कोंबड्याईचं राहून गेलं, म्हनून पुन्हा लिहितो. आमी बी तो संप करून पाह्यला. २०२१-२२ ले कापूस क्विंटलले दहा हजाराच्या वर गेला. पुढच्या साली सगळ्याईनं घरात भरून ठेवला, भाव येईल म्हनून. खोलीत छतालोक कापूस, पोट्टे त्याच्यावरच झोपे, अंगाले खाज सुटे, आगीची भीती येगळी. भाव आलाच नाई, उलटा उतरला. अन् आमचं दानापानी कोन्या डुकरानं तोडलं नोतं, समोर कोनी उभाच नोता. मंग आता वाचकभाऊ, तुमी भिंत वाचून दाखवा, मी आयकतो. पन भिंत कोनती, न्यूयॉर्कच्या कापूस वायदेबाजाराची का हिंगणघाटच्या कापूस बाजाराची, ते आधी सांगा.