प्रतिसाद: मंगळ उलटा फिरत नाही हो

वक्री मंगळ खरंच मागे जातो, असं वर कुणी लिहिलंय. तसं नाही. २०२५ च्या जानेवारीत बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या शिवारातून आम्ही रोज बघायचो: पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांजवळ तांबडा मंगळ, दर आठवड्याला थोडा पश्चिमेला सरकलेला. पृथ्वी आतल्या कक्षेतून त्याला मागे टाकत होती, एवढंच. खानापूर रोडवर आपली बस ट्रॅक्टरला ओलांडते, तेव्हा ट्रॅक्टर मागे गेल्यागत वाटतो की, तसंच.

खरी गंमत मंगळाची कक्षा शोधणाऱ्या केप्लर या खगोलशास्त्रज्ञाची. आकाश मोजणाऱ्या टायको ब्राहेच्या मंगळाच्या नोंदींशी त्याचं वर्तुळाचं गणित फक्त ८ कलांनी (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) चुकत होतं, म्हणजे चंद्रबिंबाच्या जेमतेम पाव भागानं. दुसऱ्यानं चालवून घेतलं असतं! यानं वर्तुळच सोडलं आणि १६०९ मध्ये लंबवर्तुळ मांडलं.